लघुप्रबंधाच्या फायली कोठे ठेवायच्या? एका भूगोल विभागातील अनुभव

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागात मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला विभागप्रमुखांनी माझ्याकडे एक किरकोळ वाटणारे काम सोपवले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या लघुप्रबंधाची सामग्री कोठे ठेवावी आणि तिच्या प्रती कशा काढाव्यात, याची एका पानाची सूचना मला तयार करायची होती. ही गरज अचानक निर्माण झाली नव्हती. शिक्षणसंस्थांना एके काळी गूगलकडून अमर्याद जागा मिळत असे. फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ती सवलत संपत असल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२पासून जुन्या संस्थांनाही संपूर्ण संस्थेत मिळून १०० टीबी ही मूळ मर्यादा लागू झाली. हजारोंनी विद्यार्थी असलेल्या संस्थेत हा आकडा वाटतो तितका मोठा राहत नाही. त्यामुळे आमच्याकडेही प्रत्येक खात्याला मर्यादा घालण्यात आली आणि उत्तीर्ण झाल्यावर खाते बंद होईल, हेही विद्यार्थ्यांना कळवण्यात आले. ज्यांची वर्षभराची मेहनत त्या खात्यात साठणार होती, त्यांना पर्याय सुचवणे भाग होते.

कोणती सेवा चांगली, या प्रश्नापासून सुरुवात करायची नाही, एवढे मी आधीच ठरवले होते. मी वर्गाला एक साधा तक्ता भरून आणायला सांगितला. तुमच्याकडे कोणत्या फायली आहेत, त्यांचा आकार किती, त्या सध्या कोठे आहेत आणि त्या गेल्या तर पुन्हा मिळवता येतील का, एवढेच चार रकाने त्यात होते. तिसऱ्या रकान्यातील उत्तरे वाचण्यासारखी होती. क्षेत्रभेटीची छायाचित्रे फोनमध्ये होती, प्रश्नावलीची भरलेली पाने स्कॅन करून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली होती, पहिल्या प्रकरणाचा मसुदा स्वतःलाच ईमेल केलेला होता आणि एका विद्यार्थ्याच्या अहवालाची सर्वांत ताजी प्रत त्याच्या वसतिगृहाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाच्या डेस्कटॉपवर होती. ‘मॅडम, ते काका ओळखीचे आहेत, ते डिलीट नाही करणार,’ असे त्याचे म्हणणे होते.

चौथा रकाना मात्र माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी ठरला. सर्वांत मोठ्या फायली पुन्हा मिळवायला सर्वांत सोप्या होत्या. लँडसॅटची उपग्रहचित्रे २००८पासून कोणालाही मोफत उतरवून घेता येतात आणि सेंटिनेल-२ची चित्रेही तशीच खुली आहेत. लँडसॅटच्या एका दृश्याला साधारण १ जीबी जागा लागते आणि दहा वर्षांतील भूवापराचा बदल तपासणारा विद्यार्थी अशी पंधरा-वीस दृश्ये सहज गोळा करतो. विद्यार्थ्यांना जागा अपुरी वाटत होती ती या ढिगामुळे. याउलट वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील झऱ्यांची नोंद करणाऱ्या विद्यार्थिनीच्या सगळ्या जीपीएस नोंदींची फाइल काही केबींची होती आणि गावातील वृद्धांच्या तासाभराच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ६० एमबीच्या आसपास होते. उन्हाळ्यात आटलेल्या झऱ्याची मे महिन्यातील नोंद पुढच्या मे महिन्यापर्यंत पुन्हा घेता येत नाही, आणि नव्वदीच्या आजोबांची मुलाखत तर पुन्हा मिळेलच असे गृहीत धरता येत नाही.

या निरीक्षणाने पुढचे बहुतेक निर्णय सोपे केले. आम्ही फायलींचे तीन ढीग केले. पुन्हा न मिळणाऱ्या फायलींमध्ये क्षेत्रनोंदी, मुलाखती, छायाचित्रे, हस्तलिखित पानांचे स्कॅन आणि स्वतः लिहिलेला मजकूर आला. पुन्हा मिळणाऱ्या, पण वेळ खाणाऱ्या फायलींमध्ये उपग्रहचित्रांचे वर्गीकरण करून तयार झालेले नकाशे आले. सहज उतरवून घेता येणाऱ्या फायलींच्या प्रती काढण्याऐवजी फक्त त्यांची यादी जपायची, असे ठरले. प्रत्येक उपग्रहचित्राचा ओळखक्रमांक, दिनांक आणि ते कोणत्या संकेतस्थळावरून घेतले, एवढे एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहिले की काही जीबींचे काम काही ओळींत भागते. पहिल्या ढिगाचा आकार वर्गातील कोणाचाही १० जीबीच्या वर गेला नाही. ‘फुकटच्या १५ जीबीत काय होणार?’ ही वर्गातील सार्वत्रिक तक्रार तेथेच बरीचशी निकालात निघाली.

बरीचशी म्हणण्याचे कारण असे की, ते १५ जीबी प्रत्यक्षात कोणाकडेच मोकळे नव्हते. गूगलची ही जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत मिळून असते. १ जून २०२१पासून नवी छायाचित्रे कमी दर्जाची करून ठेवली तरी त्यांचा आकार मोजला जातो आणि २०२४पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही याच जागेत धरला जाऊ लागला. लग्नसमारंभांच्या चित्रफिती आणि सकाळच्या शुभेच्छा यांनी भरलेल्या खात्यात लघुप्रबंधाला कोपराही उरत नाही. इतर मोफत पर्याय पाहिले तर वनड्राइव्हवर ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २ जीबी आणि मेगावर २० जीबी मिळतात. नुसत्या आकड्यांवर निवड करायची तर मेगा पुढे होते, परंतु आमच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक, सहकारी आणि प्रश्नावल्या भरून घेण्याचे गूगल फॉर्म हे सगळे गूगलच्याच घरात असल्याने त्यांना तेथून हलवणे व्यवहार्य नव्हते. महिना १३० रुपयांत १०० जीबी देणारी गूगल वनची योजनाही विचारात घेतली. ती घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती, पण विभागाने विद्यार्थ्याला पैसे भरायला लावणारी सूचना काढू नये, असे विभागप्रमुखांचे मत पडले आणि मलाही ते पटले. शिवाय वर्गणी थांबली आणि खाते दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिले तर त्यातील सामग्री काढून टाकली जाऊ शकते. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधराकडून दरमहा पैसे भरले जातीलच असे मानणे मला धाडसाचे वाटले.

जागेपेक्षा दोन प्रश्न मी अधिक महत्त्वाचे मानले. खाते कोणाच्या मालकीचे आहे, हा पहिला. महाविद्यालयाचे खाते सोयीचे असते, पण ते संस्थेचे असते, आणि ड्राइव्हवर फाइल ज्याने तयार केली त्याच्या खात्यात ती राहते. तिघांनी मिळून लिहिलेला अहवाल एकाच्या खात्यात असेल आणि ते खाते काढून टाकले गेले तर उरलेल्या दोघांचीही ती फाइल जाते. चुकून काढून टाकलेली फाइल किती दिवस परत मिळते, हा दुसरा. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही तेवढीच, तर वनड्राइव्हच्या शैक्षणिक खात्यात मूळ मुदत ९३ दिवसांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेला विद्यार्थी ऑक्टोबरात काढून टाकलेली फाइल जानेवारीत शोधू लागतो, हे लक्षात घेतले तर ३० दिवस म्हणजे काहीच नाही.

शेवटी आम्ही सुचवले ते असे की, प्रत्येकाने केवळ अभ्यासासाठी एक नवे वैयक्तिक गूगल खाते उघडावे. त्यात फोनची छायाचित्रे किंवा व्हॉट्सअ‍ॅप जोडू नये आणि पहिल्या ढिगाची एक प्रत तेथे ठेवावी. आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवायचा म्हणून काहींनी नाक मुरडले. मात्र एक अट सूचनेत ठळक अक्षरांत घातली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकू शकते, त्यामुळे पदवी मिळाल्यानंतरही मधूनमधून या खात्यात प्रवेश करत राहावा.

एवढ्यावर वर्गाचे समाधान झाले होते. ‘मॅडम, ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप झालाच की,’ असे एकीने म्हटल्यावर मी प्रयोगशाळेत सर्वांसमोर एक प्रयोग केला. लॅपटॉपवरील ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधून एक फाइल काढून टाकली आणि तिला फोनवरचे ड्राइव्ह उघडून बघायला सांगितले. तेथूनही फाइल गेलेली होती. जोडलेले फोल्डर हा आरसा आहे, समोरची वस्तू हलली की त्यातलीही हलते. विषाणूने फायली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फायलीही तितक्याच तत्परतेने वर चढतात. कचरापेटी आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस मदतीला येतात हे खरे, पण त्या मुदतीच्या आत चूक लक्षात यावी लागते. आमच्या विषयात आणखी एक अडचण आहे. क्यूजीआयएस या नकाशे तयार करण्याच्या मोफत कार्यक्रमात उघडी असलेली जिओपॅकेज, म्हणजे नकाशाची माहिती साठवणारी फाइल, ही आतून एक डेटाबेस असते. ती संपादित होत असतानाच ड्राइव्ह तिला वर पाठवू लागले तर अर्धवट किंवा परस्परविरोधी प्रती तयार होण्याचा धोका असतो. म्हणून काम करण्याचे फोल्डर ड्राइव्हबाहेर ठेवावे आणि दिवसअखेर, कार्यक्रम बंद करून, त्याची प्रत ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकावी, अशी पद्धत ठरवली. वसतिगृहात फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळत असताना हे रोज जमेल का, अशी शंका होती, पण पहिल्या ढिगात दिवसाची भर फार तर काहीशे एमबींची पडत असल्याने ते जमून गेले.

दुसरी प्रत हातात धरता येईल अशा वस्तूवर असावी, याबद्दल दुमत नव्हते. फक्त ती वस्तू कोणती, यावर चर्चा झाली. तपकीर गल्लीत स्वस्त पेनड्राइव्ह घेण्याचा बहुतेकांचा कल होता. बाजारात खोटी क्षमता दाखवणारे पेनड्राइव्ह मिळतात. ते संगणकाला ५१२ जीबीचे भासतात आणि खरी जागा संपली की पुढच्या फायली न कुरकुरता गिळतात. त्यामुळे पेनड्राइव्ह कोठूनही घेतला तरी एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने तो पूर्ण भरून तपासल्याशिवाय वापरायचा नाही, असा नियम केला. मुख्य प्रतीसाठी मात्र १ टीबीची बाह्य हार्ड डिस्क सुचवली. परवडत नसेल तर दोन मैत्रिणींत एक घेतली तरी चालते. ती घेतल्यावर विंडोजवर ९३१ जीबी दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालेल्या एका विद्यार्थ्याला थांबवावे लागले. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. वर्गात दोन मॅकबुक असल्याने डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली, कारण विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर मॅकला मुळात फक्त वाचता येते आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. हार्ड डिस्क घ्यावी की फिरते भाग नसलेली एसएसडी, यावर मी आग्रह धरला नाही. पडझडीला एसएसडी अधिक टिकते, पण वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दोन्ही पुरेशा आहेत.

छपाईसाठी मात्र वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवायला सांगितले आणि त्यात पीडीएफशिवाय काहीही ठेवू नये असे बजावले. झेरॉक्सच्या दुकानांतील संगणकांना दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह लागतात आणि फायली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट दाखवणारे विषाणू त्यांतूनच फिरतात. ज्या डिस्कवर मुलाखती आहेत ती तेथे लावणे म्हणजे प्रत काढण्याचा हेतूच घालवणे होय.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आहे. ‘दुसऱ्या जागी’ याचा अर्थ मी पुण्याच्या संदर्भात समजावून सांगितला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी वस्त्यांत शिरले. २५ जुलै २०२४ला मुठेच्या पुराचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. अशा वेळी लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच टेबलाच्या खणात असतील तर दोन्ही एकाच वेळी जातात. ऑनलाइन प्रत ही दुसरी जागा आहेच, पण पासवर्ड गेला किंवा खाते अडकले तर तिचा उपयोग नाही. म्हणून विभागाने दोन हार्ड डिस्क घेतल्या. त्या वरच्या मजल्यावरील कपाटात राहतात आणि शुक्रवारी दुपारी विद्यार्थी आपला पहिला ढीग त्यांवर उतरवतात. शुक्रवार निवडण्याचे कारण अगदीच स्थानिक आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शक्यता असते आणि प्रत निघत असताना संगणक बंद पडला तर फाइल अर्धवट राहते. सोलापूर-साताऱ्याकडील काही जणांनी तर दिवाळीला घरी जाताना स्वतःची एक प्रत नेऊन तेथेच ठेवली. ही सूचना माझी नव्हती, पण ती मला फार आवडली.

मुलाखतींच्या बाबतीत मात्र सोय बाजूला ठेवावी लागली. लोकांनी आपली नावे, जमिनीचे वाद आणि कर्जाची माहिती विश्वासाने सांगितलेली असते आणि २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर याकडे हलकेपणाने पाहणे योग्यही नाही. संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी साधने आम्ही पाहिली, पण प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर ती सारखी चालेनात. शेवटी मुलाखतींचे फोल्डर सेव्हन-झिप या साधनाने पासवर्ड घालून बांधायचे आणि पासवर्ड बंद पाकिटात विभागाकडे द्यायचा, अशी साधी व्यवस्था केली. पासवर्ड विसरला तर ती सामग्री कोणालाही उघडता येत नाही, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितले. त्याच वेळी सर्वांना गूगलची दुहेरी पडताळणी सुरू करून तिचे आठ-आठ अंकी दहा राखीव संकेत कागदावर लिहून ठेवायला लावले. पीएमपी बसच्या गर्दीत फोन गेला की ओटीपीही जातो आणि मग आपल्याच खात्याच्या दारात उभे राहावे लागते.

हे सगळे ठरल्यावर सूचना काढून मोकळे होता आले असते. प्रयोगशाळा सहायक काकांनी मला थांबवले. ‘मॅडम, प्रत काढली हे खरं, पण ती उघडते का ते कोणी बघितलंय?’ असे त्यांनी विचारले. त्यानुसार एका शुक्रवारी आम्ही रंगीत तालीम ठेवली. प्रत्येकाने आपली डिस्क शेजारच्याला द्यायची आणि शेजाऱ्याने प्रयोगशाळेतील संगणकावर, मालकाला काहीही न विचारता, नकाशा आणि अहवाल उघडून दाखवायचा. वर्गातील जेमतेम निम्म्या प्रती पहिल्या फेरीत उघडल्या.

अपयशाची कारणे मात्र शिकण्यासारखी होती. नकाशाची माहिती साठवणारी, ज्याला आपण एक शेपफाइल म्हणतो ती एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशा अनेक फायलींची मिळून बनलेली असते. काहींनी ‘मुख्य’ म्हणून फक्त एसएचपी उचलली होती. त्यामुळे आकृत्या होत्या, पण गावांची नावे आणि आकडेवारी नव्हती. क्यूजीआयएसची प्रकल्प फाइल नकाशाचे स्तर स्वतःत साठवत नाही, त्यांचा पत्ता तेवढा साठवते, आणि तो पत्ता मूळ लॅपटॉपच्या सी ड्राइव्हचा असेल तर दुसऱ्या संगणकावर सर्व स्तर हरवल्याचा संदेश येतो. एकाने ड्राइव्हच्या फोल्डरमधून गूगल डॉक्स थेट डिस्कवर ओढले होते. त्या प्रत्येक फाइलचा आकार जेमतेम १ केबी होता, कारण त्या केवळ ऑनलाइन दस्तऐवजाकडे नेणाऱ्या खुणा होत्या आणि त्यांत मजकुराचे एक अक्षरही नव्हते. ‘म्हणजे माझी तीनही प्रकरणं यात नाहीतच?’ असे म्हणून तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. प्रकरणे ऑनलाइन सुखरूप होती, त्यामुळे ती वर्ड आणि पीडीएफ रूपांत उतरवून घेणे एवढेच काम उरले. एका विद्यार्थिनीने मुलाखतींचे लिप्यंतर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टंकलिखित करून घेतले होते आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर ते रोमन अक्षरांचा कडबोळा होऊन उघडले. तिला मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सांगितले. देवनागरीत नावे दिलेल्या काही झिप फायली जुन्या साधनांत नावे बिघडून उघडल्या, म्हणून फोल्डरची नावे छोटी, रोमन लिपीत आणि वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने सुरू होणारी ठेवायचे ठरले. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘मॅडमनी सांगितलेले फायनल’ या परंपरेला त्यामुळे बऱ्यापैकी आळा बसला.

तालमीनंतर सूचनेत बदल झाले. शेपफाइलऐवजी एकाच फाइलमध्ये सर्व काही ठेवणारे जिओपॅकेज वापरावे, क्यूजीआयएसमध्ये सापेक्ष, म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरपासून धरलेले, पत्ते ठेवावेत आणि प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर एकत्र उचलावे, ही कलमे त्यातून आली. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कोठे ठेवावीत, असेही काहींनी विचारले. त्यासाठी २०१५मध्ये सुरू झालेले डिजिलॉकर पुरेसे आहे, कारण त्यात संस्थेकडून थेट आलेला दस्तऐवज २०१६च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही, हा फरक सांगावा लागला.

वर्षअखेरीस महाविद्यालयीन खाती बंद होण्यापूर्वी ज्यांचा काही मजकूर तेथेच राहिला होता, त्यांनी गूगलच्या सामग्री-हस्तांतरण सोयीने तो आपल्या नव्या खात्यात नेला. ही सोय संस्थेच्या प्रशासकाने चालू ठेवलेली असावी लागते, म्हणून तशी विनंती आम्ही परीक्षेच्या बऱ्याच आधी केली होती. सूचना अखेर एका पानाची राहिली नाही, ती तीन पानांची झाली. नव्या तुकडीसाठी रंगीत तालीम पहिल्या क्षेत्रभेटीच्या लगेच नंतरच्या शुक्रवारी ठेवली आहे आणि विभागाच्या कपाटातील जुन्या लघुप्रबंधांच्या सीडी वाचून त्यांतील फायली हार्ड डिस्कवर उतरवण्याचे काम काकांनी हाती घेतले आहे. प्रयोगशाळेतील नव्या संगणकांना सीडी ड्राइव्ह नसल्याने त्यासाठी बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह मागवला आहे.